सफोकमधलं ब्लायबराचं चर्च: कसं जायचं आणि काय काय बघायचं

इंग्लंडला येणारी आपली माणसं लंडनची मोठी चर्चेस बघतात आणि परत जातात, खेड्यातल्या चर्चपर्यंत कोणी पोचतच नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. ब्लायबरा हे पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्याच्या किनाऱ्याजवळचं जेमतेम काहीशे वस्तीचं गाव, ब्लाय नदीच्या खाडीला लागून, आणि त्या गावात सव्वाशे फुटांच्या आसपास लांब असं होली ट्रिनिटी चर्च. लंडनहून ए12 या हमरस्त्याने गाडीने साधारण अडीच तास लागतात. ट्रेनने जायचं तर लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून इप्सविच, तिथे गाडी बदलून डारशम किंवा हेल्सवर्थ, आणि पुढचे काही मैल टॅक्सी. ती आदल्या दिवशीच बुक करा, स्टेशनबाहेर उभी मिळेल या भरवशावर राहू नका, आणि बस फारच कमी आहेत.

एवढ्याशा गावाला एवढं मोठं चर्च कशाला, तर तेव्हा हे बंदर होतं, बाजार होता, पैसा होता. बुरूज 14 व्या शतकातला, बाकीचं जवळपास सगळं 15 व्या शतकातलं. पुढे नदी गाळाने भरली, 16 व्या शतकात आठव्या हेन्री राजाच्या काळात इथला मठ बंद झाला, व्यापार गेला, आणि चर्च तेवढं राहिलं.

आत जायची घाई करू नका, आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळतच नाही, मिळतो तो फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड, तोही वेड्यावाकड्या लहान गोळ्यांचा, त्यामुळे भिंती त्याच्याच, चुन्यात बसवलेल्या. कापायचा दगड फक्त खिडक्यांच्या चौकटी, खांब, कोपरे असल्या ठिकाणी, तो लांबून आणलेला आणि म्हणून जपून वापरलेला. पण गवंड्यांनी यातूनच काय काढलंय बघा, फ्लिंट फोडला की आतून काळा चकचकीत निघतो, ते सपाट तुकडे फिक्या दगडाच्या नक्षीत असे बसवलेत की भिंतीवर काळंपांढरं चित्र तयार होतं. याला फ्लशवर्क म्हणतात. पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीखाली अशीच अक्षरं आहेत, ती बघायची बऱ्याच जणांची राहून जातात कारण सगळे दक्षिणेच्या दारातून सरळ आत शिरतात.

आत गेलात की आधी जाणवतो तो उजेड. दोन्ही बाजूंना वर 18-18 खिडक्यांची रांग आहे, काच बहुतेक साधी, जुनी रंगीत काच फारच थोडी उरलीय. इतक्या खिडक्या काढणं जमलं कसं, हे मला या इमारतीतलं सगळ्यात सुंदर कोडं वाटतं. छप्पर जवळजवळ सपाट आहे, वरून शिसं घातलेलं, आणि आडव्या तुळयांवर बसलेलं, त्यामुळे त्याचा भार भिंतींना बाहेर ढकलत नाही तर सरळ खाली उतरतो, म्हणून भिंत जाड लागत नाही, मधल्या जागेत बिनधास्त काच घालता येते. शिवाय लोक बसतात तो नेव्ह आणि वेदीकडचा चॅन्सल यांच्यामध्ये कमान नाही, फक्त लाकडी पडदा आहे, त्यामुळे नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत थेट जाते.

आता मान वर करा. छपराच्या मधल्या तुळईवर पंख पसरलेले लाकडी देवदूत, बारा उरलेत, आणि तुळयांवर मूळचा लाल-हिरवा रंग अजून दिसतो. दुर्बीण हवीच हवी, मोबाइलच्या झूमने काम होत नाही. 1644 च्या एप्रिलमध्ये विल्यम डाउझिंग हा चर्चमधल्या मूर्ती-चित्रं पाप मानून फोडत फिरणारा कट्टर प्रॉटेस्टंट इथे आला आणि त्याने 20 देवदूत उतरवायला सांगितले, हे त्याच्याच डायरीत आहे, पण बरेच वाचले, बहुतेक उंचीमुळेच. देवदूतांना त्याच्या माणसांनी गोळ्या घातल्या असं अजूनही कोणी ना कोणी सांगतं, ते मानू नका, लाकडात सापडलेले छर्रे 18 व्या शतकातले आहेत, तेव्हा छपरात शिरणारे कावळ्यासारखे जॅकडॉ पक्षी मारायला बंदुका चालवायचे.

बाकांच्या टोकांवरची कोरीव माणसं अजिबात चुकवू नका, त्यांतली काही म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या मोठ्या पापांची रूपं आहेत. आळस म्हणजे अंथरुणात बसलेला माणूस, हाव म्हणजे पैशांच्या पेटीवर ठाण मांडून बसलेला, खादाडपणा म्हणजे पोट धरून बसलेला. बरीच झिजलीत, काहींचे चेहरे गेलेत, पण शरीराची ठेवण इतकी नेमकी आहे की लगेच कळतं. वाकून बघा, टॉर्च तिरकी धरा म्हणजे छिन्नीच्या खुणा उठून दिसतात. हात मात्र लावू नका. 1682 चा एक लाकडी दाढीवाला आहे जो घंटेवर टोला देतो, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी तोच दाखवा.

उत्तरेच्या दारावर जळल्यासारखे काळे डाग आहेत. 4 ऑगस्ट 1577 ला रविवारी प्रार्थना चालू असताना वादळात बुरुजावरचा मनोरा छपरातून आत कोसळला, माणसं मेली, आणि लोकांनी ते काळ्या सैतानी कुत्र्याचं काम ठरवलं, डाग त्याच्या नखांचे म्हणून दाखवतात. मनोरा पुन्हा बांधलाच नाही, म्हणून बुरूज आज वरून सपाट आहे.

1881 मध्ये चर्च इतकं मोडकळीला आलं की बिशपने बंदच करून टाकलं. दुरुस्ती कशी करायची यावरून प्रसिद्ध डिझायनर विल्यम मॉरिसच्या, जुन्या इमारती वाचवणाऱ्या संस्थेशी मोठा वाद झाला, पैसाही कमी होता, काम हळूहळू झालं. माझ्या मते हेच बरं झालं. त्या काळात इंग्लंडमधली कितीतरी गावची चर्चेस आतून खरवडून, चकचकीत फरशा आणि नवी बाकं घालून अगदी एकसारखी केली गेली, इथे मात्र जमिनीच्या जुन्या विटा आणि फिकटलेला रंग तसाच राहिला. 1969 मध्ये जवळच्या स्नेप गावातला कॉन्सर्ट हॉल जळाला तेव्हा तिथे होणाऱ्या ऑल्डबरा या संगीत महोत्सवाचा ऑपेरा याच चर्चमध्ये झाला, आवाज इथे काय घुमतो ते उगाच नाही.

चर्च दिवसा साधारणपणे उघडं असतं, तिकीट नाही, पण दानपेटीत काहीतरी टाकाच, छपराचा खर्च गावावरच पडतो. रविवारी सकाळी प्रार्थना असते, लग्न किंवा अंत्यविधीही असू शकतो, तेव्हा त्या वेळी हिंडू नका. उन्हाळ्यातसुद्धा आत गारठा असतो, स्वेटर ठेवा. गावात पब आहे, जेवण होतं.

वेळ असेल तर तसंच पुढे वेनहॅस्टन गावच्या चर्चला जा, गाडीने अगदी जवळ आहे. तिथे साधारण 1500 सालचं लाकडी फळ्यांवर रंगवलेलं अंतिम न्यायाचं चित्र आहे, त्यावर चुना फासलेला होता, 1892 मध्ये दुरुस्तीच्या वेळी फळ्या बाहेर टाकल्या आणि रात्रीच्या पावसाने चुना धुऊन चित्र वर आलं. ब्लायबराहून खाडीकाठाने चालायचं असेल तर भरतीची वेळ बघून आणि चिखलातले बूट घालूनच निघा. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून देवदूतांसाठी दुपारची वेळ धरा आणि बाहेरची फेरी सकाळी उरका.