तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलावर एवढं मांडता, मग जेवता कुठे?

निघताना, दारात चपला घालता घालता लोक हे विचारतात. नवी शेजारीण, मुलाच्या मित्राची आई, आणि नणंद तर दर खेपेला. "टेबलावर एवढं मांडतेस, मग जेवता कुठे? आणि हे करायला वेळ कुठून काढतेस?" दारातल्या दारात उत्तर पुरं होत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

सुरुवात सासूबाईंच्या गुडघ्यांपासून करावी लागेल.

ठाण्यात, नौपाड्याच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत टेबल नव्हतं. जेवायला पाट. सणाला पाटाभोवती रांगोळी, ताटापुढे महिरप, बाजूला उदबत्ती. सासूबाईंना मी आईच म्हणते; आईंची महिरप बघत राहावी अशी असायची. चिमटीतून रांगोळी एका धारेत सुटायची, मध्ये कुठे तुटायची नाही. २०१२ साली इमारत पुनर्विकासाला गेली, आम्ही घोडबंदर रोडला राहायला आलो आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी आईंना मांडी घालून बसायला मनाई केली. टेबल आलं, पाट माळ्यावर गेले. दिवाळीच्या पाडव्याला पहिल्यांदाच सगळे खुर्च्यांवर जेवायला बसलो. चकचकीत सनमायका, वर स्टीलची ताटं, मध्ये पातेली. आईंचा हात ताटाशी जाऊन थांबला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं. खानावळीत आल्यासारखं वाटलं."

त्या तक्रार करत नव्हत्या. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. पाट गेला तेव्हा त्याच्याभोवतीचं सगळंच गेलं होतं, आणि ते वर टेबलावर आणायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

मग पुढच्या सणाला टेबलावरच रांगोळी काढली. ठाण्यात पंखा बंद ठेवून कोण जेवणार? पंखा लावला आणि रांगोळी आमटीत गेली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती पोटात जाणं बरं नव्हे. तांदळाच्या पिठाने काढून पाहिली, तेही उडालं. शेवटी तोड आईंनीच काढली. पांढरं सुती कापड टेबलावर अंथरून, प्रत्येकाच्या ताटाची जागा धरून, त्यांनी पेन्सिलीने सहा महिरपी काढल्या आणि मी त्या पांढऱ्याच दोऱ्याने साखळी टाक्यात भरल्या. लांबून कापड कोरं वाटतं. खुर्चीत बसलं की समोर महिरप दिसते.

आमच्या टेबलाचा सगळ्यात खालचा थर तो. बारा महिने तोच असतो.

थर हा शब्द भाचीचा. ती इंटिरियर डिझाइन शिकली आहे आणि मला परदेशी टेबलांचे फोटो पाठवत असते. खाली कापड, त्यावर रनर म्हणजे टेबलाच्या मध्यावरून जाणारा लांब अरुंद पट्टा, प्रत्येकापुढे एक मोठी शोभेची थाळी, तिच्यावर जेवणाची, तिच्यावर आणखी छोटी, आणि मधोमध फुलं. त्या खालच्या मोठ्या थाळीला चार्जर म्हणतात, तिच्यात कुणी जेवत नाही. दिसायला फार सुंदर. पण त्या मांडणीच्या मागे त्यांची वाढायची रीत आहे. युरोपातही पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. एकोणिसाव्या शतकात तिथे रशियन रीत रुळली, वाढपी एकामागून एक पदार्थ आणून वाढू लागले, टेबलाचा मध्य मोकळा झाला आणि तिथे फुलांना, फळांना ऐसपैस जागा मिळाली. आपल्या पंगतीचंही तेच. वाढणारा फिरतो, म्हणून तर पानाभोवती रांगोळी राहू शकते. आजच्या फ्लॅटमध्ये फिरणारा वाढपी नाही. भाताचं पातेलं, वरण, पोळ्यांचा डबा हे सगळं मध्येच येणार. सजावटीची जागा आणि वाढणीची जागा एकच. म्हणजे "जेवता कुठे" हा प्रश्न अगदी रास्त आहे.

त्याचं उत्तर मला मोजपट्टीत सापडलं. आमचं टेबल पाच फूट बाय तीन फूट. रुंदी ३६ इंच. जेवणाचं ताट १२ इंचांचं, टेबलाच्या कडेपासून इंचभर आत. समोरासमोरची दोन ताटं मिळून २६ इंच गेले, मध्ये उरले १०. जुन्या घरातल्या कपाटाची एक सागवानी फळी आम्ही ठेवून घेतली होती. सुताराकडून तिचा ट्रे करून घेतला: नऊ इंच रुंद, दीड फूट लांब, दोन्ही टोकांना पितळी कडी. फुलं, दिवा, फळं, जे काही वर ठेवायचं ते या ट्रेमध्येच, बाहेर एक पाकळीसुद्धा नाही. रोजच्या जेवणाला ट्रे उचलून खिडकीच्या कट्ट्यावर जातो आणि त्या जागी पातेली येतात. सणाला उलट करतो. पातेली ओट्यावर राहतात, ट्रे जागचा हलत नाही, आणि हे व मी आळीपाळीने उठून वाढतो. एवढंच आहे. बाकी कुणी काही विचारलं नाही तरी चालेल, पण टेबल सजवायचं असेल तर हा ट्रे आधी करा.

तर खाली महिरपींचं कापड, वर ट्रे, आणि या दोहोंच्या मध्ये रनर. खालचा थर वर्षाचा, मधला ऋतूचा, वरचा त्या दिवसाचा. वेळेचा हिशेबही यातच आला. कापड आठवड्याला धुवायला जातं, दुसरा सहा महिरपींचा जोड आहेच. पंचांगात ऋतू सहा असले तरी ठाण्यात मला चारच जाणवतात, त्यामुळे रनर वर्षातून चारदा बदलतो, पाचवा संक्रांतीचा. ट्रेला दहा मिनिटं लागतात, तीही रोज नाही.

फुलांच्या उंचीचं एक सांगते. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरायचा, फुलं मनगटाच्या खालीच राहिली पाहिजेत. आईंना अलीकडे कमी ऐकू येतं. समोरच्याचे ओठ दिसले तर त्या बोलण्यात येतात, नाहीतर मान खाली घालून जेवतात. एकदा मी ग्लॅडिओलसचे उंच दांडे लावले होते आणि ते जेवण असंच गेलं. तेव्हापासून उंच फुलदाणी बाहेरच्या खोलीत. निशिगंधही टेबलावर नाही, कारण जेवताना आधी वरणावरच्या तुपाचा वास यावा. आणि कण्हेर तर अजिबात नाही. तिचं पान, फूल, चीक सगळं विषारी असतं. घरात लहान मूल असेल तर विशेष जपा.

आता ऋतू. चैत्रात वाळ्याची अरुंद चटई रनर म्हणून. दुपारी तिच्यावर पाण्याचा हबका मारला की जेवणाच्या खोलीत गारवा येतो. ट्रेमध्ये पाण्याने भरलेली पितळी वाटी, तिच्यात मोगरा, शेजारी पानासकट दोन कैऱ्या. पाडव्याला त्यात कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी येते. उन्हाळ्यात याहून जास्त काही ठेवू नये. डोळ्यालाही उकडतं.

पावसाळ्यात रनर कपड्याचा नको. जुलैत इथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, जाड कापडाला कुबट वास धरतो आणि तो वास जेवणाशी बसतो. त्या दिवसांत मी केळीचं पान वापरते. जांभळी नाक्याच्या बाजारातून लांब पान आणायचं, पुसून घ्यायचं आणि गॅसच्या मंद आचेवरून हळूहळू सरकवायचं. मोदकाच्या वा पानगीच्या वेळी करतो तसंच. पानाचा रंग डोळ्यांदेखत गडद होतो, तकाकी येते, आणि ते असं मऊ पडतं की टेबलाच्या कडेवरून खाली वळवलं तरी फाटत नाही. श्रावणात येऊरच्या पाड्यांवरून बायका रानभाज्या घेऊन येतात, त्यांच्याकडे कधी तेरडा मिळतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे खरंच आहे. म्हणून तो ज्या दिवसाचा त्याच दिवशी आणायचा. अळूच्या पानावर पाण्याचे थेंब फार देखणे दिसतात, पण कच्च्या अळूचा चीक खाजरा, त्यामुळे ते मी लांबूनच बघते.

गणपतीत टेबल सजवत नाही. दीड दिवस घरात पंचवीस माणसं असतात, टेबल भिंतीला लागतं आणि त्यावर वाढपाची भांडी येतात. पाट माळ्यावरून खाली येतात. आई तेवढ्या खुर्चीवर.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत खणाचा रनर. खण मुळात चोळीसाठी विणलेला, त्याचा पन्हा अरुंद, त्यामुळे टेबलाच्या मध्यावर तो जसा बसतो तसं दुसरं काही बसत नाही. पहिल्या वर्षी मी लाल खण थेट पांढऱ्या कापडावर टाकला आणि त्यावर सोलकढीची वाटी लवंडली. खणाचा रंग खाली उतरला. खिडकीकडच्या महिरपीला अजून फिकट गुलाबी डाग आहे. आता खणाला खालून सुती अस्तर लावलं आहे आणि त्यावर ट्रेशिवाय काही ठेवत नाही. आणखी एक गोष्ट त्या वर्षी समजली: खण, पितळ, झेंडू, नक्षीची ताटं असं सगळं एकत्र आलं की नजर कुठे ठरत नाही. एकच गोष्ट भरजरी असावी, बाकीच्यांनी तिला साथ द्यावी. खण असला की मी ट्रेमध्ये झेंडूचं एकच रंगाचं तबक ठेवते, बाकी काही नाही.

दिवाळीत पणत्यांचं आणि पंख्याचं पटत नाही. जुन्या कंदिलाच्या तीन काचा मिळवल्या आहेत, त्यांच्या आत पणत्या ठेवल्या की ज्योत हलत नाही. पहाटे मुलं तलावपाळीला जाऊन येतात, तोवर आईंनी त्या लावलेल्या असतात. फराळ समोर आला की वेगळ्या शोभेची गरज उरत नाही. चकलीचा काटा, करंजीची मुरड, अनारशावरची खसखस, यांच्याशी बरोबरी करू नये. नाताळात शेजारच्या घरून कुलकुल, म्हणजे शंखासारखे तळलेले गोड तुकडे, येतात, त्यांची बशीच त्या दिवशी ट्रेमध्ये.

आणि संक्रांत. माझा सगळ्यात आवडता थर संक्रांतीचा आहे.

आईंच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा होती, काळीभोर सुती, लाल काठाची. घड्यांवर विरून गेली होती. नेसता येईना आणि टाकवेना. एके दिवशी त्यांनीच ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "बघ याचं काही होतं का." धड राहिलेला भाग कापून मी तेरा इंच रुंदीचा रनर केला, काठ सोडवून दोन्ही बाजूंना जोडला, कडा हाताने तुरपल्या. मशीन मारायचा धीर झाला नाही. स्टीलचं ताट पांढऱ्या कापडावर नुसतंच चकाकतं. काळ्याशेजारी तेच ताट चांदीचं वाटतं, हे मला त्या दिवशी दिसलं. ट्रेमध्ये सुगड, त्यात ऊस, बोरं, हरभरे, आणि पुढे एका वाटीत पांढरा हलवा. हलवा आई अजून घरी करतात. मंद आचेवर खसखस, वरून साखरेचा पाक थेंबाथेंबाने, आणि हात सतत फिरता. काटा यायला दिवस जातात. काळ्या कापडावर तो हलवा ठेवला की एकेक काटा मोजता येतो. भोगीची बाजरीची भाकरी, वर लोणी, बाजूला मिसळीची भाजी, हे जेवण त्या काळ्या पट्ट्याशेजारी वाढलं की आई आधी मीठ वाढतात, मग लिंबाची फोड, मग चटणी. डावं-उजवं त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही.

खालच्या कापडाचे दोन्ही जोड आता धुवून धुवून विरळ झालेत. गेल्या महिन्यात नवं कापड आणलं. आईंना म्हटलं, जुन्यावरूनच छापून घेते, तुम्ही त्रास घेऊ नका. त्यांनी ऐकलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा हात आहे, पेन्सिल थरथरते. रेघ जिथे हलली तिथे मी टाकाही तसाच हलता घालते आहे, सरळ करत नाही. पाच महिरपी भरून झाल्या, सहावी काढायची आहे. आज सकाळी त्यांनी पेन्सिलीला टोक करून मागितलं.