तुम्ही विचारलंत म्हणून: भाषेच्या अस्मितेने देश फुटतो का?

भाषिक हक्कांचा विषय काढला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याची काळजी खरी असते, म्हणून नीट उत्तर देतो. माझ्या मते देशाला तडा जातो तो बहुतेक वेळा लोकांना त्यांची भाषा बाजूला ठेवायला सांगितल्यावर.

पाकिस्तानचंच बघा ना. सगळ्यात जास्त लोक बंगाली बोलणारे, तरी १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन सांगितलं की राज्यभाषा उर्दूच राहील, मग २१ फेब्रुवारी १९५२ ला तिथे विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, १९५६ च्या घटनेत बंगालीला जागा मिळाली खरी पण तोवर मनं दुरावली होती, आणि १९७१ मध्ये बांगलादेश झाला. सैन्याचे, पैशाचे, निवडणुकीचे मुद्दे पण होतेच, ते मी नाकारत नाही, पण पहिली ठिणगी भाषेची. श्रीलंकेनेही १९५६ मध्ये फक्त सिंहलीचा कायदा केला आणि तमिळ लोक दुखावले गेले ते कायमचेच.

आपल्याकडे पण भीती होती. भाषावार प्रांतांचा विचार करायला नेमलेला धार आयोग आणि नंतर काँग्रेसची नेहरू-पटेल-पट्टाभींची समिती, दोघांनीही भाषावार प्रांत आत्ता नकोत असंच म्हटलं. तेलुगू लोकांच्या वेगळ्या राज्यासाठी बसलेल्या पोट्टी श्रीरामुलूंचा उपोषणात जीव गेल्यावर १९५३ ला आंध्र झालं, १९५६ ला राज्यांची पुनर्रचना, १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात. देश फुटेल म्हणत होते, उलट लोक निवांत झाले, कारण सरकारी कागद आपल्या भाषेत यायला लागला.

पण अस्मिता म्हणजे नुसती भाषा असंही नाही हं. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बहुसंख्य असलेल्या बर्नमधून फ्रेंच बोलणारा जुरा हा भाग मतदान घेऊन वेगळा झाला, १९७९ पासून तो स्वतंत्र कॅन्टन, म्हणजे तिथलं राज्य, आहे, आणि गंमत म्हणजे दक्षिणेकडचे फ्रेंच बोलणारेच तालुके तेव्हा बर्नमध्येच राहिले, कारण ते प्रोटेस्टंट आणि उत्तरेचे कॅथलिक. लोकांना विचारलं म्हणून हे कळलं, नाहीतर भाषेचा नकाशा बघून कोणीतरी सरळ रेघ मारली असती.

आता जे मला खरंच टोचतं ते सांगतो. भाषावार राज्य मिळालं की तिथली मोठी भाषा आतल्या छोट्या भाषांशी तेच करायला लागते. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख, पण मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगणा असे विखुरलेले, कुठेच बहुसंख्य नाहीत, आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, गोंडीचं नाव नाही. १९५६ मध्येच घटनेत कलम ३५० क आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. म्हणजे राज्यं आखणाऱ्यांना हा धोका तेव्हाच दिसला होता. मराठीसाठी आपण जे मागतो ना, पहिलीच्या वर्गातल्या गोंड पोरासाठी पण तेच मागायला हवं, आणि ते मराठी माणसानेच मागायला हवं असं मला वाटतं.