बाभळीसाठी छोटी कुऱ्हाड: निवड, धार आणि दांडा यांची नोंद

उद्दिष्ट असं ठरवलं होतं: दोन-तीन जणांच्या मुक्कामाला पुरेल अशी, सॅकमध्ये मावणारी कुऱ्हाड, एकूण खर्च हजार रुपयांच्या आत, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात दांडा ढिला पडता कामा नये. यातली शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे. निवडीचा कल तिच्यामुळेच ठरला.

आपल्या भागात चुलीला मिळतं ते बाभूळ, वेडी बाभूळ, हिवर, फार तर कडुनिंब. वाळलेली बाभूळ जड आणि चिवट असते. थंड देशांत पाइन-स्प्रूससारख्या मऊ लाकडासाठी बनवलेली पातळ धार तिच्यावर मुडपते. म्हणून तिकडची परीक्षणं वाचून थेट खरेदी करू नये. इथलं लाकूड धरून हिशेब मांडावा. बाभळीच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडायच्या आणि आठ-दहा सेंटिमीटर जाडीचे तुकडे फाडायचे तर पातं ५५० ते ६५० ग्रॅमचं आणि दांडा ३६ ते ४० सेंटिमीटरचा हवा. ४५० ग्रॅमच्या खालचं पातं बाभळीवर उडी मारतं, रुतत नाही. ७०० च्या वर गेलं की एका हाताने घाव नेमका बसत नाही.

बाजारातले कंपन्यांचे पर्याय थोडक्यात. एस्टविंगसारख्या कुऱ्हाडीत पातं आणि दांडा एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेले असतात, त्यामुळे कोरड्या हवेत काही ढिलं होण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र हादरा मनगटात जास्त येतो आणि ती आपल्या खर्चात बसत नाही. फिस्कर्सच्या छोट्या कुऱ्हाडीला तंतुमिश्रित प्लास्टिकचा दांडा पात्याभोवती ओतून बसवलेला असतो. तोही हलत नाही, पण मोडला तर गावातला सुतार तो बदलून देऊ शकत नाही. मागे हातोडी, मध्ये खिळे उपटायची खाच, दांड्यात होकायंत्र अशा ‘सर्व्हायव्हल’ कुऱ्हाडी यादीतून सरळ काढून टाकल्या. त्यांचं पातं दोन स्क्रूंवर उभं असतं आणि मोडतं ते तिथेच.

उरला लोहाराचा माल. हार्डवेअरच्या दुकानात, आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला पाल टाकून भाता चालवणाऱ्या घिसाडी कारागिरांकडे सुटं पातं मिळतं. आमचं मत स्पष्ट आहे: पैसे पात्यात घाला, दांडा स्वतः करा. दुकानात बसवून मिळणारा दांडा बहुतेक वेळा ओल्या लाकडाचा असतो आणि नेढ्यातल्या (दांडा बसतो त्या भोकातल्या) फटी खिळे ठोकून बुजवलेल्या असतात.

पातं घेताना काय पाहिलं

आधी नेढं. पातं उलटं धरून नेढ्यातून धारेकडे एका डोळ्याने पाहायचं. धारेची रेघ नेढ्याच्या बरोबर मधून गेली पाहिजे. टोकापाशी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली असेल तर ते पातं ठेवून द्यावं. धार घासून सरळ करता येते, तिरकं नेढं घरी सरळ होत नाही. नेढं वरच्या तोंडाला किंचित रुंद असेल तर उत्तम, कारण पाचर मारल्यावर लाकूड तिथे फुलतं आणि पातं वर निसटत नाही.

मग सांधा. पोलादी पाटा दुमडून केलेल्या पात्यात नेढ्याच्या पुढे, गालाच्या (पात्याच्या सपाट बाजूच्या) सुरुवातीला जोड असतो. रंगाखाली तिथे चीर लपू शकते, म्हणून तेवढा रंग खरवडायला सांगावं. शंका वाटली तर डिझेलचा थेंब लावायचा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि वर खडू घासायचा. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूवर काळसर रेघ उमटवतं.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, कानशीची परीक्षा. नवी बारीक कानस खिशात घेऊनच जावं. धारेवर कानस नुसती घसरून काचेसारखा आवाज आला तर पाणी (तापवून-विझवून आणलेला कडकपणा) फार कडक आहे, टवके उडतील. खिळ्यावर चालावी तशी सहज चालली तर पाणीच दिलेलं नाही. जोर लावल्यावर धरते, ही योग्य स्थिती. हीच तपासणी धारेपासून १५ मिलिमीटर मागे आणि तुंब्यावरही (धारेच्या विरुद्ध, मागच्या बाजूवर) करायची. कडकपणा फक्त पुढच्या पाच मिलिमीटरमध्ये असेल तर काही वर्षांच्या घासण्यात चांगलं पोलाद संपून जातं. तुंबा मात्र मऊच हवा. कडक तुंबा थंडीतल्या पहाटे तडकतो.

निवडलेलं पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं आहे. वजन ६२० ग्रॅम, धार ८५ मिलिमीटर, नेढं खाली ३४ × २२ आणि वर ३६ × २४, खोली ४५ मिलिमीटर. कानस धारेवर जोराने धरते, २० मिलिमीटर मागे सहज. एक दोष होता: पुढच्या कोपऱ्यावर निळसर झाक. ग्राइंडरवर धार काढताना पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं की असा निळा रंग येतो, म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलेलं असतं. कानशीने दोन मिलिमीटर मागे गेल्यावर खालचं पोलाद ठीक निघालं.

अख्खी धारच मऊ निघाली तर पातं फेकू नये, लोहाराकडून पुन्हा पाणी देता येतं. पाट्याचं पोलाद पाण्यात विझवलं तर तडा जाण्याची भीती असते, म्हणून तेलात विझवायला सांगावं. धारेकडचा तीनेक सेंटिमीटर भाग चुंबक सोडून देईपर्यंत आणि त्याहून थोडा जास्त, गडद नारिंगी होईपर्यंत तापवायचा, मग कोमट तेलात सरळ उभा बुडवायचा. तेल पेट घेतं. झाकण जवळ ठेवावं आणि बादलीभर पाणी त्यावर कधीही ओतू नये. लगेच घरच्या ओव्हनमध्ये २३० ते २५० अंशांवर तासभर, थंड करून पुन्हा तासभर. हे दुसरं तापवणं गाळलं तर पहिल्याच गाठीवर टवका उडतो.

धार

कोन मोजायला महागडं साधन लागत नाही. धारेच्या टोकापासून बरोबर ५ मिलिमीटर मागे खूण करून तिथली जाडी कॅलिपरने मोजायची. २.७ मिलिमीटर भरली तर एकूण कोन ३० अंश, ३.१५ म्हणजे ३५, ३.६ म्हणजे ४० आणि ४.१ म्हणजे ४५. आणलं तेव्हा हे पातं ४.१ वर होतं. एवढ्या जाड धारेने लाकूड चेचतं, कापत नाही. नवी कुऱ्हाड ‘चालत नाही’ म्हणून अडगळीत जाते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

बाभळीसाठी ३० ते ३५ अंश ठेवले. २५ वर नेलं तर धार पहिल्या दिवशी सुरेख वाटते आणि गाठीवर मुडपते. काम केलं ते हाताने: पातं सी-क्लॅम्पने टेबलाच्या कडेला आवळून, दहा इंची भरड कानशीने, जाड हातमोजे घालून. मार्करने धारेचा उतार रंगवून घ्यावा, कानस कुठे लागते ते लगेच दिसतं. कानस फक्त पुढे ढकलताना दाबायची. परत ओढताना दाबली तर दाते मरतात. दात्यांत आधी खडू चोळला की लोखंडाचा चुरा अडकून ओरखडे पडत नाहीत. दोन्ही बाजूंना सारखे हात मारत जायचं, नाहीतर धार मधून सरकते.

ग्राइंडर वापरूच नये असं नाही, पण बोट धारेजवळ ठेवून, चटका बसण्याआधी पाण्यात बुडवत. पातळ कडेला निळा रंग यायला दोन-तीन सेकंद पुरतात.

कानशीनंतर दुहेरी कार्बोरंडम दगड, भरड बाजू आणि मग बारीक, पाणी लावून गोल-गोल. शेवटी ४०० आणि ६०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर रबराच्या तुकड्यावर ठेवून. रबर दबतं, त्यामुळे धारेला हवा तसा किंचित फुगीर उतार येतो. जुन्या चपलेच्या चामड्यावर हिरवं पॉलिश लावून धार उलट्या दिशेने ओढली की राहिलेली बर (कडेला लोंबणारा पोलादाचा पातळ पदर) निघून जाते. आता ५ मिलिमीटरवर जाडी ३.० आहे.

दांडा

लाकूड बाभळीचं, वखारीतून. धावडा त्याहून सरस, चिवटपणात त्याला तोड नाही, पण तो आपल्या माळावर सहज मिळत नाही. बोरही चालतं. सागवान टाळलं: ते हलकं नि टिकाऊ आहे, पण असा हादरा सोसण्यात बाभळीच्या मागे पडतं.

करवतीने कापलेली पट्टी घेऊ नका, फाडलेला ओंडका घ्या. लाकूड आपल्या धाग्याने फाटतं, त्यामुळे रेषा दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. रेषा मध्येच बाजूला बाहेर पडली तर दांडा एक दिवस नेमका तिथेच चिरणार. पिवळसर बाहेरचं लाकूड किडा लवकर खातो, म्हणून लालसर गाभा ठेवायचा, पण ओंडक्याच्या अगदी मधला भाग नको. तो वाळताना हमखास तडकतो.

वाळवणं हा या कामाचा गाभा. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवलेला ओला ओंडका दोन्ही टोकांना फाटतो, कारण टोकांकडून पाणी फार वेगाने निघून जातं. टोकांना मेण किंवा ऑइलपेंट फासून तो सावलीत, वारा लागेल असा ठेवायचा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. लागोपाठच्या वजनांत दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडेनासा झाला की लाकूड तयार.

आणि दांडा बसवायचा तो एप्रिल-मेमध्येच. आपल्याकडे पारा ४२-४३ वर असताना दुपारची हवा इतकी कोरडी असते की लाकूड वर्षातलं सगळ्यांत बारीक झालेलं असतं. त्या वेळी घट्ट बसवलेला दांडा पावसाळ्यात फुगून आणखी घट्ट होतो. ऑगस्टमध्ये बसवलेला पुढच्या उन्हाळ्यात नेढ्यात खुळखुळतो. मग लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात घालून ठेवतात. ते करू नका. लाकूड फुगतं, पण पोलाद त्याला जागा देत नाही, त्यामुळे लाकडाचे धागे आतल्या आत चेपतात. वाळल्यावर ते पहिल्यापेक्षाही बारीक होतात. प्रत्येक भिजवण्याबरोबर दांडा जास्तच ढिला होत जातो.

मापं: लांबी ४० सेंटिमीटर, पकडीशी काप लंबगोल ३२ × २२ मिलिमीटर, टोकाला ३८ पर्यंत बोंड, म्हणजे घामेजल्या हातातून सुटत नाही. वाकसाने तासून पुढचं काम कानशीने. नेढ्यात बसवताना आतून काजळ फासलं, दांडा घालून काढला आणि जिथे काळं लागलं तेवढंच घासलं. हे कंटाळवाणं आहे, पण घाई केली की दांडा दोन ठिकाणी टेकतो आणि बाकी पोकळ राहतो. पातं खाली लोंबतं ठेवून दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडीने ठोकायचं. पातं आपल्याच जडपणाने वर चढत येतं. वरून पात्यावर घाव घालण्याची गरज नाही.

पाचरेसाठी चीर नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश, म्हणजे इथे ३० मिलिमीटर. पाचर वाळलेल्या बाभळीची, वर ६ मिलिमीटर जाड, खाली १. चीर याहून खोल गेली तर दांडा पात्याखाली फाटतो, उथळ राहिली तर पाचर अर्ध्यात अडते. लाकूड नेढ्याच्या वर ३-४ मिलिमीटर शिल्लक ठेवलं आहे. सपाट कापून टाकलं की फुललेली कड जाते आणि पकड कमी होते.

तेल

दांड्याला वॉर्निश नको, हात सोलवटतात. सुकणारं तेल हवं. वाचलेल्या बाभळीच्या तुकड्यांवर घाण्याची तीन तेलं लावून पाहिली. जवस सगळ्यांत आधी सुकून घट्ट झालं. करडईला बराच जास्त वेळ लागला, पण रंग फिकट राहिला आणि हाताला चिकट लागत नाही. शेंगतेल मुळीच सुकलं नाही, वर धूळ बसून काळा थर झाला. ते तेल सुकणाऱ्यांतलं नाहीच, कितीही थांबलं तरी फरक पडत नाही. सोलापूर जिल्हा करडईचा, तेव्हा करडई वापरायला हरकत नाही. फक्त जास्त ओलेइक आम्लाच्या नव्या वाणांचं तेल टाळा, ते सुकायला फारच उशीर लावतं. लावायचं पातळ, अर्ध्या तासाने उरलेलं पुसायचं, सुकल्यावर पुन्हा. दांड्याच्या दोन्ही टोकांना जास्त पाजायचं.

तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवस आणि करडई सुकताना उष्णता सोडतात आणि मे महिन्याच्या उकाड्यात असा बोळा आपोआप पेटू शकतो. तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चाचणी

वखारीतल्या वाळलेल्या बाभळीवर, खाली लाकडी ठोकळा घेऊन. आपल्या जमिनीत मुरूम आणि काळा दगड, ठोकळ्याशिवाय एकच घाव चुकला तरी धारेला खाच पडते. वीस-पंचवीस घावांनंतर धार उजेडाकडे धरून पाहिली: कुठेही चमक नाही, म्हणजे मुडपलेली नाही. धार चमकू लागली आणि नखाला एका बाजूने अडकली तर पोलाद मऊ आहे. तुकडा उडाला तर पाणी कडक आहे किंवा कोन फार बारीक. पहिल्या प्रकारात कोन दोन-तीन अंश वाढवून भागतं. दुसऱ्यात आधी ओव्हनमध्ये २५० वर तासभर, मगच कोनाला हात लावायचा.

पाचर तपासली, हललेली नाही. तुंब्याने तंबूच्या मेखा ठोकायच्या नाहीत, हे सोबत्यांनाही बजावून ठेवलं आहे. आपल्या कुऱ्हाडीचा तुंबा म्हणजे नेढ्याची पातळ भिंत. ठोकाठोकीने ती चेपते आणि चीर सांध्यापासून सुरू होते.

कुठे न्यायची तेही ठरलेलं असावं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही आणि कुऱ्हाडही त्यात धरली जाऊ शकते, तेव्हा तिकडे जाताना ती घरीच. बाकी ठिकाणीही उभ्या झाडाला हात लावायचा नाही. जळण वखारीतून विकत घ्यावं किंवा शेतमालकाला विचारून पडलेलं उचलावं.

बाकी राहिलेलं काम: म्यान. चामडं ओल धरतं आणि धारेवर गंज येतो, म्हणून ट्रकच्या जुन्या ट्यूबचं, चपला शिवणाऱ्याकडून तांब्याचे रिव्हेट मारून घ्यायचं आहे. पात्याला खोबरेल तेलाचा पातळ हात दिला आहे. ऑगस्टअखेर नेढ्यावर आलेलं लाकूड पुन्हा मोजायचं. ३.५ मिलिमीटरवरून ते खाली गेलं असेल तर पाचरेला आडवी एक छोटी लोखंडी पाचर मारावी लागेल.