मंत्र्यांच्या उत्तरात सिंधुदुर्ग कुठे शोधायचा?

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मंत्र्यांची भाषणे आणि सभागृहातले गोंधळ छापून येतात, पण त्याच दिवसांत पटलावर ठेवली जाणारी शेकडो लेखी उत्तरे फारसे कोणी वाचत नाही. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या लहान काजू कारखानदारांचे हिशेब आणि कर्जप्रकरणे पाहणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी ती उत्तरे नेमाने वाचतो. उद्योग आणि खर्च यांविषयीची मंत्र्यांची उत्तरे बहुधा चुकीची नसतात. ती विचारलेल्या प्रश्नाएवढीच असतात. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येते, आणि कोकणाबाबत विचारले जाणारे प्रश्न फार मोघम असतात, असे माझे मत झाले आहे.

लोकसभेत रोज सकाळी अकरा ते बारा हा प्रश्नोत्तरांचा तास असतो. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, मंत्रालयांचे पाच गट करून प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार दिलेला असतो, आणि आलेल्या सूचनांतून सोडत काढून दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न निवडले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तासाभरात २० तारांकित प्रश्नांपैकी थोड्यांनाच तोंडी उत्तर मिळते आणि उरलेल्यांची उत्तरे लेखी समजली जातात. पुरवणी प्रश्नाची मला विशेष किंमत वाटते, कारण मूळ उत्तर मंत्रालयात तयार होते, परंतु पुरवणी प्रश्नापुढे मंत्र्यांना विषयाची स्वतःची जाण दाखवावी लागते.

कोकणाला या तासाची परंपरा नवी नाही. राजापूर मतदारसंघातून आधी बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून मधू दंडवते यांनी लोकसभेत प्रश्न विचारणाऱ्यांचा दर्जा उंचावला. पुढे उत्तर देणाऱ्यांच्या बाजूलाही कोकणची माणसे बसली. अनंत गीते २०१४ ते २०१९ या काळात अवजड उद्योगमंत्री होते, सुरेश प्रभू २०१७ ते २०१९ मध्ये वाणिज्य आणि उद्योगमंत्री होते, आणि नारायण राणे यांच्याकडे २०२१ ते २०२४ या काळात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय होते. इतकी वर्षे उद्योगाची खाती कोकणच्या नेत्यांकडे असूनही, आपल्या गावातल्या कारखान्याला मिळालेल्या पैशाचा हिशेब संसदेच्या उत्तरांतून काढण्याची सवय आपल्याला लागली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि नाणार-बारसूची रिफायनरी यांवर आपण वर्षानुवर्षे बोललो, आणि ते आवश्यकच होते; परंतु दहा-वीस लाखांच्या प्रकरणांविषयी आपल्या बाजूने कोणी फारसे विचारत नाही.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. ग्रामीण भागातल्या एखाद्या महिलेने २० लाखांचा काजू प्रक्रिया प्रकल्प मांडला, तर तिला ५ टक्के म्हणजे १ लाख स्वतःचे घालावे लागतात, बँक १९ लाख मंजूर करते आणि ३५ टक्के दराने ७ लाखांचे अनुदान मिळते. हे अनुदान बँकेकडे येते, पण तीन वर्षे मुदत ठेवीसारखे राखून ठेवले जाते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज आकारलेही जाऊ नये, असा नियम आहे. तीन वर्षांनी कारखान्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावरच ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. मंत्री जेव्हा अमुक कोटींचे अनुदान वितरित झाले असे सांगतात, तेव्हा ते पहिल्या टप्प्याबद्दल बोलत असतात, आणि ते खरेच असते. वेंगुर्ल्याकडच्या, काजू बी फोडण्यापासून प्रतवारीपर्यंत सगळे स्वतःच्या देखरेखीखाली करणाऱ्या एका काकींनी मला विचारले, “भाऊ, पैसे दिले म्हणान दिल्लीत सांगतत, मगे माझ्या कर्जातसून ते कमी कित्याक जाऊक नाय?” त्यांची तीन वर्षे उलटून गेली होती, पडताळणी झाली नव्हती, आणि बँकेच्या शाखेतून मिळणारे उत्तर दर वेळी वेगळे होते. या प्रश्नाचे उत्तर सरकारच्या नोंदींत असते. मागितल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

उत्तराला जोडलेली परिशिष्टे बहुधा राज्यनिहाय असतात. महाराष्ट्राच्या एका ओळीत पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि सिंधुदुर्ग असे सगळे एकत्र मिसळलेले असते, आणि त्या आकड्यावरून आपल्या जिल्ह्याविषयी काहीही म्हणता येत नाही. दुसरी अडचण मंत्रालयांच्या वाटणीची आहे. काजूच्या एकाच कारखान्याला वरच्या योजनेचे अनुदान सूक्ष्म, लघु उद्योग मंत्रालयाकडून मिळते, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये आलेली, १० लाखांपर्यंत ३५ टक्के अनुदान देणारी योजना अन्नप्रक्रिया मंत्रालयाची आहे, आयात काजूवरचे सीमाशुल्क अर्थमंत्रालय ठरवते आणि लागवडीचा विषय कृषी मंत्रालयाकडे जातो. “कोकणातील काजू उद्योगासाठी सरकारने काय केले” असा एकच प्रश्न विचारला, तर ज्या मंत्र्यांकडे तो जाईल ते स्वतःच्या योजनेपुरते सांगतील, आणि बाकीचे तीन भाग अंधारात राहतील. शिवाय जिल्हा उद्योग केंद्र राज्य सरकारचे असल्यामुळे तिथल्या दिरंगाईचा प्रश्न विधिमंडळातच विचारला पाहिजे. तिथल्या उत्तरांत “हे खरे आहे काय?” याला “अंशतः खरे आहे” असे उत्तर येते आणि पुढच्या उपप्रश्नावर “प्रश्न उद्भवत नाही” असा शेरा पडतो, म्हणून तिथे तर उपप्रश्न आणखी काळजीने मांडावे लागतात.

खर्चाच्या बाबतीत प्रश्नांचे महत्त्व अधिकच वाढते. फेब्रुवारीत मांडल्या जाणाऱ्या अर्थसंकल्पात पुढच्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो. म्हणजे २०२५-२६ च्या कागदपत्रांत प्रत्यक्ष खर्च २०२३-२४ चा सापडतो. चालू वर्षात पैसे कुठवर पोचले हे त्याआधी अधिकृतपणे कळण्याचा जवळचा मार्ग संसदेतला प्रश्न हाच आहे. मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवरच्या चर्चेत हे विचारता येईल असे कोणी म्हणेल, पण बहुतेक मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या ठरलेल्या दिवशी एकत्र मतास टाकल्या जातात, आणि मार्च २०२३ मध्ये तर सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प लोकसभेने गोंधळात, चर्चेविना मंजूर केला.

नेमक्या प्रश्नाने काय होऊ शकते, याचा दाखला जुना आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे समभाग घेतल्याचा विषय १९५७ मध्ये लोकसभेत निघाला, काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी यांनी तो लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने मुंबईत जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

“माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल” हे उत्तर वाचून पुष्कळ जण निराश होतात. वास्तविक हे सरकारने सभागृहाला दिलेले आश्वासन मानले जाते. ते तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते आणि त्यावर सरकारी आश्वासन समितीची देखरेख असते. त्यामुळे अशा उत्तराची तारीख आणि क्रमांक टिपून ठेवावा आणि तीन महिन्यांनी खासदारांच्या कार्यालयाला त्याची आठवण करून द्यावी.

काकींच्या प्रकरणानंतर मी एक मसुदा तयार केला आहे. प्रश्न साधारणपणे १५० शब्दांत बसवावा लागतो आणि तो सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगमंत्र्यांना उद्देशून असला पाहिजे. मसुदा असा: (अ) गेल्या तीन आर्थिक वर्षांत रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाखाली किती अर्ज आले, किती मंजूर झाले व किती नाकारले गेले, याचा जिल्हानिहाय व बँकनिहाय तपशील काय आहे, (ब) मंजूर प्रकरणांपैकी किती प्रकरणांत अनुदान बँकेकडे जमा झाले व किती प्रकरणांत ते कर्जखात्यात वळते झाले, (क) तीन वर्षांची मुदत संपूनही पडताळणीअभावी वळती न झालेली प्रकरणे किती व त्यांतील एकूण रक्कम किती, आणि (ड) ती निकाली काढण्यासाठी सरकारने कोणती कालमर्यादा ठरवली आहे? ज्या उद्योजकांचे अनुदान असे अडकले आहे, त्यांनी मंजुरीचे वर्ष आणि ठेवीची तारीख मला कळवावी. पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच, १५ दिवसांची मुदत साधून, हा मसुदा त्या माहितीसह आपल्या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांकडे पाठवणार आहे.