चढत्या भरतीबरोबर: किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची एक सकाळ

किनाऱ्यावरची सकाळ भरतीच्या वेळेपासून उलटी मोजायची. पक्ष्यांचे फोटो काढायला पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी मी वाळूवर असतो. ओहोटीला तुताऱ्या, चिखल्ये, पाणटिवळे असे ओल्या वाळू-चिखलात चरणारे पक्षी दूरवर पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की त्यांची चरायची जागा आक्रसते आणि ते आपणहून वर सरकतात. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते, त्यामुळे कोवळं ऊन आणि चढतं पाणी हा योग पंधरवड्यात तीन-चारच दिवस जुळतो. ते दिवस राखून ठेवावेत.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच. दुर्बिणीतून थवा कुठल्या रेषेने आणि कुठल्या दिशेला चरत चाललाय ते पाहायचं. मग लांबून वळसा घालून त्यांच्या ३०-४० मीटर पुढे, सूर्य पाठीशी ठेवून, वाळूवर पालथं पडायचं. थव्याच्या रोखाने चालत गेलात तर तो उडणारच. वाटेत आधीच पडून असलेल्या माणसाला मात्र सँडरलिंग (तुतारीचीच एक छोटी जात) अनेकदा वळसा घालून जवळून निघून जातात, कधी इतक्या जवळून की लेन्स फोकसच धरत नाही.

पालथं पडणं टाळता येत नाही. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी वाळूला चिकटल्यासारखा दिसतो. लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर आली की मागची वाळू आणि पाणी दूर जाऊन विरघळतं. ट्रायपॉडऐवजी मी उभ्या कडांचा उथळ पॅन वापरतो. त्याच्या मधोमध भोक पाडून बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवता येणारा सांधा) स्क्रूने घट्ट बसवलंय. तो ओल्या वाळूवर ढकलत नेता येतो आणि कडांमुळे वाळू आत येत नाही. बीनबॅग (लेन्स टेकवायची भरलेली पिशवी) ओली झाली की जड होते, शिवाय पुढे सरकवताना दर वेळी उचलावी लागते.

४०० ते ६०० मिमीची लेन्स, शटरचा वेग चालणाऱ्या पक्ष्याला १/१००० सेकंद, धावणाऱ्याला १/१६००, उडणाऱ्याला १/२५००. अ‍ॅपर्चर एफ ६.३ ते एफ ८. एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) मात्र मॅन्युअल, म्हणजे कॅमेऱ्यावर न सोडता हाताने ठरवलेलं. पांढऱ्या पोटाचा पक्षी काळसर चिखलावर असला की कॅमेरा चित्र उजळ करतो आणि पिसं करपतात. तोच पक्षी फेसासमोर आला की काळवंडतो. ऊन स्थिर झालं की मी आयएसओही (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) बांधून टाकतो. मागे फेस असो वा चिखल, पक्ष्यावर पडणारा प्रकाश तेवढाच असतो. हायलाइटचा इशारा (फार उजळ झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो तो) चालू ठेवून पोटाची पिसं लुकलुकणार नाहीत इथवर आणलं की झालं.

फोकस सर्वांत जास्त फसतो तो फुटणाऱ्या लाटेमुळे. फेसाचा कॉन्ट्रास्ट पिसांपेक्षा जास्त, म्हणून रुंद फोकस क्षेत्र तिकडे धावतं. सतत फोकस, लहान बिंदू, आणि तो छातीच्या वरच्या भागावर.

चरण्याची पद्धत ओळखली की क्षण पकडता येतो. चिखल्या डोळ्यांनी शिकार शोधतो: धावतो, थबकतो, टिपतो. त्या थबकण्यात मान वर असते, फोटो तिथेच. तुतारीचं काम स्पर्शाचं. तिच्या चोचीचं टोक संवेदनशील असतं, त्यामुळे ती शिलाई मशीनच्या सुईसारखी सारखी टोचत राहते आणि ओल्या वाळूवर बारीक भोकांची रांग उमटते. भक्ष्य ओढून काढते तेव्हाच काय ती मान उचलते. तेवढ्यात आठ-दहा फ्रेम मारायच्या.

ऊन चढल्यावर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते. मग सगळे फोटो मऊ येतात आणि दोष लेन्सला जातो. महागडी लेन्सही यावर उपाय नाही. अंतर कमी करा, नाहीतर थांबा.

पाणी वर आलं की आपल्या मागच्या खोलगट वाटाही भरतात, त्यामुळे परतीची वाट आधीच पाहून ठेवावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच, कारण तेव्हा पाणी झपाट्याने चढतं.

पूर्ण भरतीला थवा उंचवट्यावर एका पायावर, चोच पाठीत खुपसून विसावतो. तिथे जवळ जायचं नाही. चरणाऱ्या थव्याच्याही माना एकदम वर झाल्या, चरणं थांबलं, सगळे एकाच दिशेला सरकू लागले, की आपण आधीच फार पुढे आलोय. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू २०२२ साली अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत, न थांबता, सुमारे १३,५६० किमी उडालं. ती ताकद अंगात साठवलेल्या चरबीची असते आणि आपण उगाच उडवलेला प्रत्येक थवा त्यातली थोडी खर्च करतो. वाळूतल्या घरट्याजवळ पंख मोडल्याचं सोंग करणारा चिखल्या दिसला, तर फोटो न काढता आल्या पावली मागे फिरा.

पायात रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर पायांचा फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी. रंग, त्यांचा क्रम आणि अक्षरं यांवरून तो पक्षी कुठे पकडून सोडला होता ते कळतं.

लेन्स किनाऱ्यावर बदलू नये. परतल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बॉडी, बॅरल आणि पॅनचा स्क्रू पुसा. कोरड्या फडक्याने घासलं तर वाळूचा एकच कण काचेवर कायमचा ओरखडा काढतो.