घड्याळदुरुस्तीची हत्यारे निवडताना : माझा अनुभव

माझ्या मामांचे एचएमटी जनता हे चावीचे मनगटी घड्याळ त्यांच्या पश्चात माझ्याकडे आले, तेव्हा पूर्ण चावी देऊनही ते तासाभरात बंद पडत असे. ते आपल्या हाताने उघडावे, साफ करावे, तेल घालून पुन्हा चालते करावे असे मी ठरवले आणि पहिले पाऊल म्हणून सातशे रुपयांत मिळणारा तीस नगांचा एक तयार संच मागवला. त्यात नऊ स्क्रू ड्रायव्हर, चार चिमटे, झाकण उघडण्याची सुरी, छोटा हातोडा, भिंग असे सारे काही होते. मामांच्या घड्याळाला हात लावण्यापूर्वी सराव करावा म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून, एका रविवारी सकाळी, बंद पडलेली तीन जनता घड्याळे घेऊन आले. ती घेतली याचे मला आजही समाधान वाटते, कारण जे नुकसान व्हायचे होते ते त्यांच्यावर झाले.

पहिल्याच दिवशी ब्रिजचा, म्हणजे मशीनमधली चाके जागेवर धरणाऱ्या धातूच्या पट्टीचा, एक स्क्रू फिरवताना पाते खाचेतून सटकले आणि ब्रिजच्या चकचकीत पृष्ठभागावर सुमारे चार मिलिमीटरचा ओरखडा उमटला. भिंगातून पाहिले तेव्हा स्क्रूच्या खाचेची एक कड वर उचलली गेलेली होती आणि पात्याचे टोक किंचित पिळले गेले होते. मी पुरेसा दाब दिला नसावा असे समजून दुसऱ्या स्क्रूवर अधिक जोर लावला, आणि त्याचे डोके अर्धे तुटून आले.

जनतासारख्या घड्याळात असे नुकसान साधे राहत नाही. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढे 17 माणकांचे (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे), तासाला 18,000 ठोक्यांचे हे चावीचे मशीन असंख्य मनगटांवर पोहोचले. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय मात्र 2016 मध्ये झाला. आता कारखान्यातून नवा भाग येत नाही. जो स्क्रू आपण खराब करू, तो दुसऱ्या एखाद्या घड्याळाच्या पोटातूनच काढावा लागतो. म्हणूनच हत्याराची निवड हा मला या छंदातला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो.

तो तुटलेला स्क्रू घेऊन मी आमच्या भागातल्या एका वयस्कर घड्याळजींकडे गेले. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी माझा स्क्रू ड्रायव्हर डोळ्याच्या भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "ताई, तुमचे पाते स्क्रूच्या खाचेत बसत नाही, नुसते वर टेकते. टेकलेले पाते सटकणारच." मग त्यांनी मला दोन मापे समजावून सांगितली. पात्याची रुंदी स्क्रूच्या डोक्याच्या व्यासापेक्षा किंचितच कमी हवी. ती फार कमी असेल तर सगळा जोर खाचेच्या मध्यावर येऊन खाच कुरतडली जाते, आणि जास्त असेल तर पात्याची टोके आजूबाजूचा ब्रिज खरवडतात. दुसरे माप जाडीचे. पाते सुरीसारखे निमुळते, धारदार असेल तर ते खाचेच्या तळाशी टेकते पण कडांना धरत नाही. टोक किंचित बोथट, सपाट असावे आणि त्याने खाच भरून काढावी.

यानंतर त्यांनी तेलाचा एक थेंब टाकलेल्या बारीक दगडावर माझे पाते घासायला सुरुवात केली. एक बाजू, मग तितक्याच वेळा दुसरी बाजू, शेवटी टोक उभे धरून अगदी हलके दोन हात. प्रत्येक वेळी ते पाते खाचेत घालून पाहत होते. पाच मिनिटांत ते पाते खाचेत असे बसले, की स्क्रू ड्रायव्हर सोडला तरी क्षणभर उभा राहिला. पुढचा स्क्रू त्याने सहज सुटला; मात्र तिसऱ्या स्क्रूपर्यंत टोक पुन्हा पिळले होते. स्वस्त संचाचा खरा दोष तिथे उघड झाला. आकार चुकीचा असेल तर घासून सुधारता येतो, पण मऊ पोलादाला कितीही घासले तरी आकार टिकत नाही.

मी पैसे साठवून प्रथम चांगले स्क्रू ड्रायव्हर घेतले, आणि पूर्ण संच न घेता फक्त पाच नग घेतले. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल येथील बर्जन ही या क्षेत्रातली जुनी कंपनी आहे. तिच्या स्क्रू ड्रायव्हरांवर मापानुसार रंगाची कडी असते : 0.80 मिलिमीटरला पिवळी, 1.00 ला काळी, 1.20 ला लाल, 1.40 ला राखाडी, 1.60 ला जांभळी. मनगटी घड्याळाच्या मशीनचे माझे जवळजवळ सारे काम या पाचांत भागते. वरची टोपी तर्जनीखाली स्थिर राहते आणि दांडा दोन बोटांत मोकळा फिरतो, त्यामुळे खालचा दाब कायम ठेवून फिरवणे शक्य होते. माझ्या पहिल्या संचात ही टोपी अडखळत असे आणि पाते सटकण्याचे तेही एक कारण होते. पाती बदलता येतात, म्हणून दांडा एकदाच घ्यावा लागतो. परदेशातून मागवले तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून किंमत बरीच चढते, म्हणून मी मुंबईच्या घाऊक विक्रेत्याकडून घेतले. मात्र महागडे पातेही मला दगडावर घासून माझ्या स्क्रूंना जुळवून घ्यावेच लागले. विकत आणले की हत्यार तयार झाले, ही माझी समजूत तेव्हा गेली.

चिमट्यांच्या बाबतीत मी अधिक चुका केल्या. सुरुवातीच्या चिमट्यांची टोके एकमेकांवर नीट येत नव्हती, त्यामुळे पकडलेला माणिक किंवा छोटा स्क्रू तिरका होऊन उडत असे. तिसऱ्या घड्याळाचा एक स्क्रू असा उडाला, तो मला आजतागायत सापडलेला नाही. चिमटा पारखण्याची पद्धतही काकांनीच शिकवली. टोके उजेडासमोर धरून हळूच दाबावीत. ती अगदी अग्रभागी प्रथम मिळायला हवीत आणि दाब वाढवल्यावर मागच्या बाजूला जुळत जायला हवीत. जोराने दाबल्यावर अग्रभाग पुन्हा उघडत असेल, तर तो चिमटा घेऊ नये. दुसरी कसोटी म्हणजे काचेवर पडलेला डोक्याचा एक केस पहिल्याच प्रयत्नात उचलता आला पाहिजे.

स्विस ड्युमाँ कंपनीच्या चिमट्यांना आकारानुसार क्रमांक असतात. मी 3 क्रमांकाचा रोजच्या कामासाठी आणि 5 क्रमांकाचा, सुईसारख्या अग्राचा, फक्त हेअरस्प्रिंगसाठी, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगसाठी, घेतला. या दुसऱ्या चिमट्याने मी कधीही स्क्रू धरत नाही, कारण त्याचे टोक एकदा वाकले की हेअरस्प्रिंगचे वळण सरळ करण्याऐवजी बिघडवण्याचेच काम ते करते. याखेरीज एक पितळी चिमटा घेतला. ब्रिज आणि चाके उचलताना पितळ ओरखडे पाडत नाही, आणि ते चुंबकित होत नाही. टोके झिजली की ओल्या बारीक पॉलिश पेपरने ती पुन्हा जुळवता येतात.

भिंगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तीनपट भिंगातून वस्तू सुमारे आठ सेंटिमीटरवर स्पष्ट दिसते आणि हात, हत्यार दोन्ही मोकळेपणाने हलवता येतात. दहापट भिंगाला वस्तूपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर आणावे लागते, म्हणून ते केवळ तपासणीसाठी. मी दोन्ही स्वस्तातली घेतली आणि त्यांनी काम अडवले नाही. मशीन धरण्याचा होल्डर, लाकडी काड्या, बोटांच्या रबरी टोप्या, धूळ अडवणारी काचेची झाकणे हेही साध्या प्रतीचे चालते.

तेल मात्र साध्या प्रतीचे चालत नाही. शिवणयंत्राचे तेल घालून पाहावे असे मला कोणीतरी सुचवले होते; ते पसरते, सुकते आणि काही महिन्यांत चिकट होते. मी मोबियस कंपनीची तेले घेतली. बॅलन्स आणि वेगाने फिरणाऱ्या चाकांसाठी पातळ 9010, संथ आणि जास्त भार सोसणाऱ्या जागांसाठी दाट डी-5, चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मेन स्प्रिंगसाठी 8200 ग्रीस, आणि पॅलेटच्या (चाकांना ठोक्याठोक्याने अडवून सोडणाऱ्या काट्यासारख्या भागाच्या) खड्यांसाठी 9415. दोन मिलिलिटरच्या बाटलीत छंदापुरते कित्येक वर्षांचे तेल असते, पण त्याला मुदत असते हे लक्षात ठेवून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. माणकाच्या खोलगट वाटीत तेल काठोकाठ भरायचे नसते, आणि पॅलेट फोर्कच्या, म्हणजे त्याच काट्यासारख्या भागाच्या, चुळींना (ज्यांवर तो फिरतो त्या बारीक टोकांना) तर तेल मुळीच घालायचे नसते. साफसफाईच्या द्रवाबाबतही काकांनी एक इशारा वेळेवर दिला : पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटात विरघळते, तेव्हा तो भाग स्पिरिटात भिजत ठेवू नये.

दोन उपकरणे मी उशिरा घेतली आणि ती आधी घ्यायला हवी होती असे मला वाटते. एक म्हणजे चुंबकत्व काढणारे यंत्र. हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटली की घड्याळ भलतेच पुढे धावू लागते, आणि आपण उगाच चाल कमीजास्त करणारा रेग्युलेटर हलवत बसतो. साधे निळे यंत्रही पुरते. फक्त बटण दाबलेले ठेवून घड्याळ सावकाश दूर न्यावे लागते. दुसरे टाइमग्राफर. चिनी बनावटीचा वेशी 1000 मला पुरला. ठोक्यांचा आवाज ऐकून तो घड्याळाची चाल, बॅलन्सचा झोका आणि ठोक्यांमधला फरक दाखवतो. झोका मोजण्यासाठी यंत्राला सांगावा लागणारा मशीनचा कोन, म्हणजे लिफ्ट अँगल, 52 अंशांवर ठेवलेला येतो. आपल्या मशीनचा कोन निराळा असेल तर तो बदलल्याशिवाय झोक्याचा आकडा खरा येत नाही.

याच काळात भाच्याच्या हट्टापायी सेकोच्या एनएच 35 मशीनवर नवी तबकडी आणि नवे काटे बसवण्याचे काम हाती घेतले. या मशीनसाठी तासकाट्याचे छिद्र 1.50, मिनिटकाट्याचे 0.90 आणि सेकंदकाट्याच्या नळीचे 0.20 मिलिमीटर असते. काटे बसवण्याचा दाबयंत्राचा दांडा जरा तिरका असेल तर सेकंदकाट्याची नळी वाकते, आणि माझ्या स्वस्त दाबयंत्राने दोन सेकंदकाटे तसेच वाया घालवले. दांडा सरळ आणि टोक गुळगुळीत नायलॉनचे असलेले साधे हातातले हत्यार घेतल्यावर तिसरा काटा पहिल्या दाबात बसला. काटे काढताना तबकडीवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायची सवयही याच कामाने लागली.

पहिला स्क्रू सटकल्यानंतर सात महिन्यांनी मी मामांचे घड्याळ उघडले. वाळलेल्या तेलाने तिसऱ्या चाकाची चूळ काळी पडली होती. सगळे भाग साफ करून, तेल घालून जुळवायला दोन रविवार लागले. या वेळी एकाही स्क्रूच्या खाचेची कड उचलली गेली नाही. काम सुरू करण्यापूर्वी झोका 170 अंशांच्या आसपास होता. नंतर पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून मोजला तेव्हा तो 265 वर स्थिर झाला आणि घड्याळ दिवसाला बारा सेकंद पुढे जात होते. बॅलन्सच्या दांड्याची एक चूळ थोडी झिजलेली आहे. तो दांडा बदलण्यासाठी लागणारा ठोकणीचा संच माझ्याकडे नाही आणि तो वापरण्याचा हातही अजून बसलेला नाही, म्हणून तेवढे काम मी काकांकडे सोपवले आहे. ते करत असताना शेजारी बसून पाहायची परवानगी त्यांनी दिली आहे.