तीन अल्फांचं कार्बन-१२ : आकडे जुळवतानाचा माझा अनुभव

कार्बन-१२ चं केंद्रक तीन अल्फांचं (अल्फा म्हणजे हेलियम-४ चं केंद्रक) मानून त्याच्या ऊर्जा संगणकावर काढताना, दोन अल्फांचं बेरिलियम-८ हातात नीट बसल्याशिवाय मी तिसऱ्या अल्फाकडे वळत नाही. कार्बनमध्ये सापडणाऱ्या बहुतेक चुका त्या दोन अल्फांतच लपलेल्या असतात.

दोन अल्फांमधल्या बलाचं पोटेन्शियल अली-बॉडमरचं: ५०० एमईव्हीचं (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) प्रतिकर्षण, घातांकात −(०.७r)², १३० चं आकर्षण, घातांकात −(०.४७५r)², वर विद्युत प्रतिकर्षणाचे म्हणजे कूलॉमचे ५.७६/r. r म्हणजे दोन अल्फांमधलं अंतर. अंतरं फेम्टोमीटरमध्ये. गतिज पदाचा गुणक १०.४५, कारण रिड्यूस्ड मास (दोघांच्या सापेक्ष गतीत वापरायचं वस्तुमान) एका अल्फाच्या निम्मं असतं. तिथे चुकून पूर्ण वस्तुमान गेलं की गुणक ५.२२ होतो आणि बेरिलियम-८ चक्क बद्ध दिसतं. खरं तर ते उंबरठ्याच्या, म्हणजे दोन अल्फा सुट्या असतानाच्या ऊर्जेच्या, ०.०९२ एमईव्ही वर आहे. ऋण ऊर्जा दिसली की मी आधी हाच आकडा तपासते. जोडीला फेज शिफ्टही (टकरीनंतर लहर किती सरकते ते) काढावा: l=० चा (l म्हणजे जोडीचा कोनीय संवेग) फेज शिफ्ट प्रयोगात सुमारे २० एमईव्ही लॅब ऊर्जेला शून्यातून जातो.

मग गाउशियन, म्हणजे ज्यांच्या बेरजेतून तरंगफल बांधायचं ती घंटेच्या आकाराची फलं. ०.५ ते २० फेम्टोमीटर पल्ल्यात १२ गाउशियन भूमितीय श्रेणीत घेतले तर गुणोत्तर १.४ येतं आणि शेजाऱ्यांचं ओव्हरलॅप (दोन फलं किती सारखी आहेत ते; १ म्हणजे अगदी एकच) ०.९२. अचूकता वाढेल म्हणून ३० घातले की तेच ०.९९ च्या घरात जातं. तीन कणांच्या गणितात हे दोन अक्षांवर गुणलं जातं, ओव्हरलॅप मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं शून्याला टेकतात, चोलेस्की (मॅट्रिक्स फोडायची रीत) मोडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मोडत नाही आणि अशक्य खोल ऊर्जा देतं. संख्या वाढवण्यापेक्षा पल्ला वाढवावा.

अल्फा बोसॉन आहेत, म्हणून जोडीत फक्त सम l आणि तिन्ही जॅकोबी संचांची (आधी कोणती जोडी धरायची यावरून होणाऱ्या तीन निर्देशक-संचांची) बेरीज. सममिती सोडली तर खोट्या ०⁺ अवस्था (एकूण कोनीय संवेग शून्य, पॅरिटी धन) मधेच उगवतात आणि त्यातली एखादी हॉइल अवस्था, म्हणजे कार्बन-१२ ची प्रसिद्ध उत्तेजित ०⁺ अवस्था, वाटते.

एवढं करूनही l=० चंच पोटेन्शियल सगळीकडे लावलं तर मूळ अवस्था −७.२७५ एमईव्हीच्या (तीन सुट्या अल्फांच्या ऊर्जेपासून मोजून) बरीच वर राहते. त्रिकण आकर्षण, म्हणजे तिन्ही अल्फा जवळ आल्यावरच लागू होणारं बल, घालावंच लागतं. पण ते मूळ अवस्थेला जुळवलं की हॉइल अवस्था +०.३८ वर आपोआप बसेल, ही आशा धरू नये. ती बरीच पसरट आहे. आखूड पल्ल्याचं त्रिकण बल तिला फारसं जाणवत नाही. तिच्यासाठी त्या बलाची तीव्रता मी वेगळी ठरवते, आणि निकालासोबत दोन्ही तीव्रता लिहिते.